सातबाऱ्यावरचा आकडा वाचणारा पार्सर

एक साधा प्रश्न. '१.०५.००' हा आकडा आहे का?

कॉम्प्युटर ब्रँचवाला लगेच म्हणेल, "नाही, दोन टिंबं आहेत, एरर येईल." पण अकोले, पारनेर, शेवगाव, नेवासा, कुठल्याही तालुक्यातून आपल्या होस्टेलवर आलेल्या पोराला विचारा. तो सांगेल, "एक हेक्टर पाच आर." सातबाऱ्यावर क्षेत्र असंच लिहितात. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. वरच्या भागात जमीन कोणाच्या नावावर आणि किती, खालच्या भागात पीकपाणी. क्षेत्राच्या एककापुढे 'हे.आर.चौ.मी.' असं छापलेलं असतं. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. हे गणित आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) शाळा न शिकलेल्या आजोबालाही तोंडपाठ असतं.

हा आकडा प्रोग्रामला वाचायला शिकवायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी 'पार्सर कॉम्बिनेटर' ही पद्धत वापरू. अभ्यासक्रमात लेक्स आणि याक येतात, ते १९७५ च्या सुमाराचे, बेल लॅब्जमधले. त्यांची भीती बसलेल्यांनी हा लेख जरूर वाचावा, कारण इथे वेगळी ग्रामर फाईल नाही, जनरेट झालेला हजार ओळींचा कोड नाही आणि शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट तर नाहीच.

आधी साधी पद्धत काय करते ते बघू. सी मध्ये आपण सगळे 'एटॉय' आणि 'एटॉफ' वापरतो. इंग्रजी आकड्यांत १.०५.५० लिहून एटॉफला द्या. उत्तर येतं १.०५. शेवटचे पन्नास चौरस मीटर गेले आणि कसली तक्रारही नाही. एटॉयला १,२५,००० द्या, उत्तर एक! पहिला स्वल्पविराम दिसला की गडी थांबतो. देवनागरीत १२५ दिलं तर उत्तर शून्य. ही फंक्शनं चुकीची नाहीत, ती 'जेवढं समजलं तेवढं वाचतो' या तत्त्वावर चालतात. परीक्षेच्या प्रोग्रामला ते पुरतं. जमिनीच्या कागदाला नाही.

आता कॉम्बिनेटर म्हणजे काय. पार्सर हे एक फंक्शन समजा. त्याला मजकूर द्यायचा आणि कुठल्या अक्षरापासून वाचायचं ते स्थान द्यायचं. जमलं तर ते दोन गोष्टी परत देतं: वाचलेली किंमत आणि पुढचं स्थान. नाही जमलं तर कुठे अडलं आणि तिथे काय हवं होतं ते सांगतं. आणि कॉम्बिनेटर म्हणजे पार्सर घेऊन नवा पार्सर बनवून देणारं फंक्शन. शेतातली पाईपलाईन ज्यानं जोडली आहे त्याला हे पटकन कळेल. पाईपाचे तुकडे साधेच असतात. कपलर, एल्बो, टी लावून त्यांची हवी तशी लाईन होते. आणि दोन तुकडे जोडून जो झाला तोही पाईपच, त्याला पुढे आणखी जोडता येतं. इथे 'एकामागून एक' हा कपलर आणि 'हा नाहीतर तो' ही टी. बाकी बरंचसं यातूनच निघतं.

कल्पना जुनी आहे. फिलिप वॅडलर यांचा यावरचा गाजलेला निबंध १९८५ चा, ग्रॅहम हटन यांचा १९९२ चा. डान लेयन यांनी हास्केल भाषेसाठी केलेली 'पार्सेक' ही लायब्ररी २००१ च्या सुमाराला आली आणि तिथून ही पद्धत जवळजवळ प्रत्येक भाषेत पसरली. आपण पायथॉन वापरू, कारण लॅबच्या मशीनवर तो असतोच. लायब्ररीचं नाव 'पार्सी'. 'पिप इन्स्टॉल पार्सी' केलं की झालं.

खाली कोड छापताना सगळी नावं देवनागरीत दिली आहेत. आपण ठेवलेली नावं पायथॉन ३ मध्ये खरोखरच देवनागरीत चालतात. लायब्ररीची आणि भाषेची मूळ नावं (डेफ, रिटर्न, सेक, मॅप वगैरे) मात्र टंकताना इंग्रजीत लिहायची. कोडमधल्या संख्याही इंग्रजीत. अवतरणचिन्हातलं मात्र जसं आहे तसं ठेवायचं.

सुरुवात एका अक्षरापासून.

मराठी = कॅर_फ्रॉम('०१२३४५६७८९')

हा आपला पहिला पार्सर. या दहापैकी एक अक्षर आलं तर घेतो, नाहीतर नकार. "लायब्ररीत 'डिजिट' नावाचा तयार पार्सर आहे, तो का नाही घेतला?" असं कोणी विचारेल. कारण तो फारच उदार आहे. पायथॉनची 'इज-डिजिट' कसोटी जगातल्या सगळ्या लिप्यांचे अंक पास करते, एवढंच काय, चौरस मीटर लिहिताना डोक्यावर चढवतो तो छोटा दोनसुद्धा पास करते. आणि मग तोच छोटा दोन 'इंट'ला दिला की इंट हात वर करतो. हास्केलच्या पार्सेकमध्ये नेमकं उलटं: तिथला 'डिजिट' फक्त इंग्रजी अंक ओळखतो, आपला '१' त्याला अंकच वाटत नाही. म्हणून अंक कोणाला म्हणायचं हे आपणच ठरवलेलं बरं. (युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५. किंमत हवी असेल तर क्रमांकातून २४०६ वजा करा. पायथॉनचा इंट हे काम स्वतःच करतो.)

आता मुख्य भाग.

डेफ चौमी(हे, आर, चौ):
    रिटर्न हे * १०००० + आर * १०० + चौ

डेफ क्षेत्र_पार्सर(अंक):
    हेक्टर = अंक.ॲट_लीस्ट(१).कॉन्कॅट().मॅप(इंट).डेस्क('हेक्टर')
    जोडी = अंक.टाइम्स(२).कॉन्कॅट().मॅप(इंट).डेस्क('दोन अंक')
    टिंब = स्ट्रिंग('.')
    रिटर्न सेक(हेक्टर, टिंब >> जोडी, (टिंब >> जोडी) | सक्सेस(०)).कंबाइन(चौमी)

सावकाश वाचू. 'ॲट_लीस्ट(१)' म्हणजे निदान एक अंक, पुढे कितीही. 'कॉन्कॅट' सुटी अक्षरं चिकटवतो, 'मॅप(इंट)' त्याची संख्या करतो. 'जोडी' मध्ये बरोबर दोन अंक, कमी नाही, जास्त नाही. '>>' या खुणेचा अर्थ: दोन्ही वाच, पण डावीकडचं टाकून उजवीकडचं ठेव, टिंबाची किंमत आपल्याला नकोच आहे. उभी रेघ म्हणजे 'नाहीतर'. तिसरा भाग नसेल तर 'सक्सेस(०)' काहीही न वाचता शून्य देतो. 'सेक' तिन्ही किंमती ओळीनं गोळा करतो आणि 'कंबाइन' त्या चौमी फंक्शनला देतो.

'१.०५.००' दिलं की उत्तर १०५००. म्हणजे दहा हजार पाचशे चौरस मीटर. इथे जरा थांबा. आकड्यातली टिंबं नुसती पुसून टाकली असती तरी १०५०० च आलं असतं! सातबाऱ्याचं क्षेत्र म्हणजे शंभराच्या पायावर लिहिलेली संख्या आहे. आपण एकक-दशक दहाच्या पायावर लिहितो, तसे इथे प्रत्येक घरात शून्य ते नव्व्याण्णव. प्रत्येक घर दोन अंकी ठेवलं की ते आपोआप दशमान पद्धतीशी जुळतं. ज्यांनी कुणी हा नमुना ठरवला त्यांनी 'पाच आर' न लिहिता 'शून्य पाच' लिहायला लावलं ते यासाठीच असणार असं मला वाटतं. बेरीजही सरळ होते: ०.६५.५० आणि ०.४०.७५ म्हणजे ६५५० आणि ४०७५, मिळून १०६२५, परत लिहिलं की १.०६.२५. फ्लोट कुठेच लागला नाही. ०.१ अधिक ०.२ चं उत्तर फ्लोटमध्ये बरोबर ०.३ येत नाही हे प्रत्येकानं एकदा तरी स्क्रीनवर पाहिलेलं असतं, म्हणून क्षेत्र नेहमी पूर्णांक चौरस मीटरमध्ये साठवा.

आणि त्या शून्यावरच सगळं अडतं. '१.५' याचा अर्थ काय?

दशांश चिन्ह समजलं तर दीड हेक्टर, १५००० चौरस मीटर. टिंबाला हेक्टर आणि आर यांच्यातली रेघ समजलं तर एक हेक्टर पाच आर, १०५०० चौरस मीटर. फरक ४५०० चौरस मीटरचा. एक एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. म्हणजे एका शून्यात एकराहून जास्त जमीन इकडची तिकडे.

हे उदाहरण मी टेबलावर बसून तयार केलेलं नाही. आमच्या मजल्यावरच्या एका मित्राच्या घरी वाटणीची बोलणी चालू होती. चुलत्यांनी वहीच्या पानावर सगळ्या तुकड्यांची यादी लिहिली होती, ती तो बेरीज करायला घेऊन आला. एका ओळीत '०.८०', एका ओळीत '१.५', एका ठिकाणी '२-१०', आणि शेवटी चक्क 'सव्वादोन एकर'. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले दोघे जण दोन वेगवेगळ्या बेरजा सांगत होते आणि दोघांचंही गणित पक्कं होतं. आपला पार्सर त्या यादीवर चालवला. '०.८०' गेला. '१.५' वर त्यानं सांगितलं: 'दोन अंक' हवे होते, ०:२ येथे. (ओळ आणि स्थान दोन्ही शून्यापासून मोजायचं.) मित्र म्हणाला, "अरे, एवढा साधा आकडा वाचता येत नाही याला?" वाचता येत नाही असं नाही. दोन प्रकारे वाचता येतो, म्हणून तो वाचत नाही. त्यानं घरी फोन करून त्या तुकड्याचा सातबारा काढायला लावला. तिथे १.०५.०० होतं.

मग '१.०५' हे दोनच घरांचं आपण कसं चालवून घेतलं? कारण तिथे दोन्ही वाचनं एकाच जागी येतात. दशांश धरा किंवा हेक्टर-आर धरा, १०५०० च. टिंबानंतर दोन अंक असले की भांडण मिटतं. म्हणून तिसरं घर ऐच्छिक ठेवलं, पण दुसरं घर दोन अंकीच. मला विचाराल तर पार्सर लिहिण्यातलं खरं काम हे आहे: कुठे सोडायचं आणि कुठे अडवायचं. लायब्ररीची फंक्शनं तासाभरात पाठ होतात.

अडवण्याचीच आणखी एक गोष्ट. पार्सीमध्ये चालवायच्या दोन पद्धती आहेत, 'पार्स' आणि 'पार्स_पार्शल'. पहिलीला सगळा मजकूर संपलाच पाहिजे. दुसरी जेवढं जमलं तेवढं वाचते आणि उरलेलं तुमच्या हातात देते. '१.०५.५' वर पार्स नकार देतो. पार्स_पार्शल १०५०० आणि उरलेलं '.५' देतो. ते उरलेलं तपासलं नाहीत तर तुम्ही परत एटॉफच्या गल्लीत.

अंकांचं एक राहिलं. याद्या कुठे देवनागरीत असतात, कुठे इंग्रजीत. क्षेत्र_पार्सर आपण 'अंक' हा पार्सर बाहेरून घेणारं फंक्शन म्हणून लिहिलं, ते याचसाठी:

क्षेत्र = क्षेत्र_पार्सर(मराठी) | क्षेत्र_पार्सर(इंग्रजी)

'इंग्रजी' ची व्याख्या तुम्ही करा, एका ओळीची आहे. दोन्ही लिप्या चालतात, पण एकाच आकड्यात खिचडी झाली तर नकार. पायथॉनचा इंट अशी खिचडी निमूटपणे खातो. मी ती अडवली, कारण अर्धा आकडा एका लिपीत आणि अर्धा दुसरीत असेल तर बहुधा कोणीतरी मधलाच अंक नंतर बदललेला असतो. याक वापरून हा बदल करायचा तर ग्रामरची सगळी कलमं दोनदा लिहावी लागली असती. इथे पार्सर हीच एक किंमत आहे, ती आर्ग्युमेंट म्हणून देता येते.

आता 'सव्वादोन एकर'. हा भाग मला सगळ्यात आवडला. मराठी बोलीतल्या अपूर्णांकांना स्वतःचं व्याकरण आहे. सव्वा, साडे आणि पावणे हे तिघं पुढच्या संख्येला चिकटतात: सव्वादोन म्हणजे दोन अधिक पाव, साडेतीन म्हणजे तीन अधिक अर्धा, पावणेचार म्हणजे चारातून पाव वजा. पाव, पाऊण, दीड, अडीच हे स्वतंत्र. सव्वा दोन्हीकडे: एकटा आला तर सव्वा एक. साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही, त्या जागा दीड आणि अडीच यांनी अडवून ठेवल्या आहेत. माझा पार्सर साडेदोन वाचतो. ऐकायला विचित्र आहे, पण अर्थ एकच निघतो, '१.५' सारखं दोन तोंडांचं नाही.

लिहायला गेलं तर पर्यायांची रांग अशी होते:

प्रमाण = सव्वा_संख्या | साडे_संख्या | पावणे_संख्या | दीड | अडीच | पाऊण | पाव | सव्वा | संख्या

रांगेतला क्रम महत्त्वाचा. 'पाव' हा 'पावणे'च्या पोटात आहे (मेसमधल्या पावाचा इथे संबंध नाही). 'पाव' आधी ठेवला तर 'पावणेचार' मधला 'पाव' तोडून घेतला जाईल आणि 'णेचार' उरेल. तेच 'एक' आणि 'एकवीस'चं. पार्सीत शब्दांची यादी देण्यासाठी 'स्ट्रिंग_फ्रॉम' आहे, तो लांब शब्द आधी तपासतो, त्यामुळे 'एकवीस' सुटतो.

पण 'सव्वा एकर' घ्या. सव्वा वाचला, जागा सोडली, आता संख्या शोधायची. समोर 'एकर' आहे. त्यातला 'एक' संख्या म्हणून उचलला गेला, आणि उरला 'र'! 'एकर' हा शब्द आपल्या संख्यांच्या यादीत नाही, त्यामुळे 'लांब शब्द आधी' या नियमाचा इथे उपयोग नाही. उपाय असा की संख्या संपल्यावर पुढे रिकामी जागा किंवा मजकुराचा शेवट आहे हे डोकावून पाहायचं:

संख्या = स्ट्रिंग_फ्रॉम(...) << पीक(जागा | इओएफ)

'पीक' पुढचं बघतो पण खात नाही. आता 'एकर' मधला 'एक' नाकारला जातो, पार्सर मागे येऊन रांगेतला एकटा 'सव्वा' घेतो आणि एकर एककासाठी मोकळा राहतो.

'मागे येऊन' हे शब्द मुद्दाम लिहिले. पार्सीमध्ये पर्याय फसला की पुढचा पर्याय मूळ जागेपासून सुरू होतो. पार्सेकमध्ये तसं नाही. तिथे पहिल्या पर्यायानं एखादं अक्षर जरी खाल्लं आणि मग तो फसला, तर दुसऱ्याला संधीच मिळत नाही. 'पावणे किंवा पाव' असं लिहून 'पाव एकर' दिलं तर पहिला 'पाव' पर्यंत खाऊन फसतो आणि सगळंच बंद पडतं. त्यासाठी पहिल्या पर्यायाला 'ट्राय' मध्ये गुंडाळावं लागतं. हे मुद्दाम तसं केलं आहे: मागे यायची मुभा कमी ठेवली की वेग राहतो आणि एररची जागा नेमकी सांगता येते. पुढे कोणी हास्केल शिकलात तर हा पहिला धक्का बसेल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

सव्वादोन एकर वाचल्यावर त्याचे चौरस मीटर करताना शेवटची एक खाच आहे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून सव्वादोन एकर म्हणजे नव्वद गुंठे. गावाकडे 'आर म्हणजे गुंठाच' असं सर्रास म्हणतात. पण गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. नव्वद गुंठ्यांचे ९१०५ चौरस मीटर होतात, सातबाऱ्याच्या भाषेत ०.९१.०५. गुंठा आणि आर एकच धरले असते तर ०.९०.०० आले असते, एका गुंठ्याहून थोडं जास्तच कमी. दोन्ही एककांना वेगळे पार्सर दिले की ही गल्लत होत नाही.

करून बघण्यासारखं बरंच आहे. आधी उलटा प्रोग्राम लिहा: चौरस मीटर घेऊन सातबाऱ्याच्या रूपात छापणारा. मग कुठलाही आकडा छापा, वाचा, परत छापा. दोन्ही छापलेले सारखे यायला हवेत. शून्य गाळत असाल तर इथेच पकडले जाल. लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराब क्षेत्र बरोबर एकूण क्षेत्र, ही तपासणी घरच्या सातबाऱ्यावर लावा. '१२७/२/अ' असा गट नंबर वाचायचा तर 'सेप_बाय' नावाचा कॉम्बिनेटर पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि त्याच कागदावर 'आकारणी'च्या घरात टिंब असलेला आणखी एक आकडा असतो, रुपये आणि पैशांचा. कोणी हातानं '२.५' असं उतरवून आणलं तर ते अडीच रुपये की दोन रुपये पाच पैसे? त्याचा पार्सर तुम्ही लिहा. मी लिहिलेला लॅबच्या दुसऱ्या रांगेतल्या मशीनवर ठेवला आहे, पण आधी स्वतः लिहून मग उघडा.